स्कॅनरमध्ये तेरा वर्षांची मुलगी: नैराश्य, आत्महत्येचा धोका आणि मेंदूची चित्रं

मेंदूचा स्कॅन काढला की मुलीच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत का ते कळतं, अशा अर्थाची बातमी अधूनमधून फिरत असते. सोबत करड्या मेंदूवर लाल-पिवळे ठिपके असलेलं चित्र असतं. ते बघून घाबरलेले पालक असा स्कॅन कुठे करून मिळेल म्हणून चौकशी करतात. आधी त्यांचं उत्तर देऊन टाकू. एका मुलीचा स्कॅन बघून तिला नैराश्य आहे की नाही, किंवा तिच्या जिवाला धोका आहे की नाही, हे आज कुणालाही सांगता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ कधी एमआरआय काढायला सांगतात, पण तो गाठ, फीट, जुनी इजा असलं काही नाही ना एवढं बघण्यासाठी.

मग हे संशोधन कशासाठी? नैराश्य नेमकं वयात येतानाच मुलींना का गाठतं, आणि विचार मनात येण्यापासून कृतीपर्यंतची वाट मेंदूत कशी बनते, हे समजून घेण्यासाठी. हे प्रश्न मोलाचे आहेत. फक्त त्यांची उत्तरं बहुतेक वेळा अगदी साध्या गोष्टींवर अडतात: मुलगी किती हलली, तिची पाळी कधी येऊन गेली, तिची तुलना कुणाशी केली.

लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचं प्रमाण जवळपास सारखंच असतं. बाराव्या वर्षाच्या सुमारास फाटा फुटतो. २०१७ साली बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात १३ ते १५ या वयात ही तफावत सर्वांत मोठी निघाली. मुलींचं पारडं तिपटीच्या आसपास जड. पुढे मोठेपणी ते दुपटीवर स्थिरावतं. अमेरिकेत २०२१ मध्ये हायस्कूलच्या मुलामुलींची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात ५७ टक्के मुलींनी सततची उदासी किंवा हताशपणा नोंदवला, मुलग्यांत हा आकडा २९ टक्के होता. आत्महत्येचा गंभीरपणे विचार केल्याचं ३० टक्के मुलींनी सांगितलं. बहुतेक देशांत विचार आणि प्रयत्न मुलींमध्ये जास्त असतात, मृत्यू मात्र मुलग्यांमध्ये जास्त होतात. म्हणून फक्त मृत्यूंचे आकडे बघणाऱ्याला मुलींचा प्रश्न लहान वाटतो.

इथे वयापेक्षा शरीराची अवस्था महत्त्वाची. वयात येण्याच्या प्रवासाचे टॅनरच्या पद्धतीत पाच टप्पे मानतात. नव्वदच्या दशकातच दिसलं होतं की मुलींमधलं नैराश्य वाढायला लागतं ते साधारण तिसऱ्या टप्प्यापासून, वय काहीही असो. बारा वर्षांच्या दोन मुलींपैकी एक दुसऱ्या टप्प्यावर असू शकते आणि दुसरी चौथ्या. वय जुळवलं म्हणून गट जुळले असं मानणारा अभ्यास सुरू होण्याआधीच फसलेला असतो. त्यामुळे प्रश्नावलीतून टप्पा विचारायचा, लाळेच्या नमुन्यातून हार्मोन मोजायचे, आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून घ्यायचा. या शेवटच्या नोंदीतही एक खाच आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं चक्र बेभरवशाचं असतं, कित्येकदा बीजच सुटत नाही. अशा वेळी कॅलेंडरवर दिवस मोजून ‘ही चक्राच्या पहिल्या अर्ध्यात आहे’ असं लिहिणं म्हणजे निव्वळ अंदाज. स्कॅननंतरची पुढची पाळी कधी आली हे फोनवर विचारून मागे मोजलं तर चूक कमी होते. एक फोन पुरतो, पण बऱ्याच ठिकाणी तो केला जात नाही.

आता यंत्राकडे वळू. या संशोधनात एफएमआरआय वापरतात, म्हणजे मेंदू काम करत असताना पुन्हा पुन्हा घेतलेला एमआरआय. त्यात मेंदूतल्या पेशींचं काम थेट दिसत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथे रक्त जास्त येतं आणि त्यातल्या ऑक्सिजनमुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो. हा बदल सेईजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास दाखवला. बदल असतो एखाद्या टक्क्याचा, आणि तो शिखरावर पोचतो पाच-सहा सेकंदांनी. मेंदूचे दोन ते तीन मिलिमीटर बाजूचे घनाकार तुकडे पाडून प्रत्येकाचा संकेत सेकंद-दोन सेकंदांनी पुन्हा पुन्हा मोजतात. एवढ्याशा एका तुकड्यातही लाखो पेशी असतात. रंगीत ठिपका म्हणजे अशा हजारो तुकड्यांवर केलेल्या सांख्यिकी चाचणीचा निकाल. तो फोटो नव्हे.

नैराश्याच्या बाबतीत इथे एक दुर्दैवी योगायोग आहे. ज्या भागांत सर्वाधिक रस असतो, म्हणजे कपाळामागचा खालचा-मधला भाग आणि भीती-भावनांशी जोडलेला अमिग्डाला, ते नेमके नाकाच्या वरच्या आणि कानाजवळच्या हवेच्या पोकळ्यांना लागून आहेत. हवा आणि ऊतक जिथे भेटतात तिथे चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं आणि संकेत बुडतो. चित्रात तिथे चक्क काळं भोक दिसतं. सॉफ्टवेअरने मेंदूचं सरासरी चित्र वर चढवलं की भोक झाकलं जातं, आणि वाचणाऱ्याला वाटतं तिथे मोजमाप झालं होतं. उपाय आहेत: काप वीस-तीस अंशांनी तिरके घेणं, तुकडे लहान ठेवणं, संकेत थोडा लवकर वाचणं किंवा एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या क्षणांना वाचणं. अमिग्डालाबद्दल दावा करणारा पेपर हातात आला की त्या भागात कच्चा संकेत किती शिल्लक होता, हे आधी शोधावं. ते दिलेलंच नसेल तर दाव्यावर फार विसंबू नये.

या वयात दातांना तारा असतात. स्टीलच्या तारांनी चेहऱ्याकडून मेंदूचा पुढचा भाग ओढल्यासारखा वाकडा दिसतो, म्हणजे आधीच बुडत असलेल्या जागी आणखी नुकसान. तारा असलेल्या सगळ्या मुली गाळल्या तर तेरा-चौदा वर्षांच्या बऱ्याच मुली बाहेर जातात. ठेवल्या तर त्यांचा वेगळा हिशोब ठेवावा लागतो. धातूची यादी मुलींच्या बाबतीत लांबच असते: ब्राची तार आणि हूक, केसातल्या पिना, नाकातली चमकी, कानातली दुसरी-तिसरी भोकं, गंगावनातल्या क्लिपा, चुंबकाने चिकटणाऱ्या पापण्या. खेळाच्या काही कपड्यांत वास येऊ नये म्हणून चांदीचा धागा विणलेला असतो, आणि तो स्कॅनरमध्ये तापून कातडी भाजल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. म्हणून घरच्या कपड्यांत कुणालाही आत पाठवायचं नाही, गाऊन द्यायचा. उंच बांधलेला अंबाडा किंवा जाड वेणी डोक्याच्या कॉइलमध्ये मावत नाही. केस मानेशी सैल बांधायला सांगायचे, नाहीतर डोकं पुढे झुकतं आणि पाचव्या मिनिटाला मान दुखायला लागते. गरोदरपणाचा प्रश्न आईवडिलांसमोर विचारायचा नाही. तो वेगळ्या खोलीत, स्त्री कर्मचाऱ्याने, सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचा.

मान दुखली की मुलगी हलते, आणि हलणं हा या कामातला सर्वांत मोठा शत्रू. डोकं अर्धा मिलिमीटर सरकलं तरी संकेतात होणारा बदल मेंदूच्या कामापेक्षा मोठा असू शकतो. २०१२ मध्ये काही गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की हालचालीमुळे जवळजवळच्या भागांतली जोडणी (म्हणजे दोन भागांचे संकेत किती एकत्र चढतात-उतरतात ते) खोटीच वाढलेली दिसते आणि दूरच्या भागांतली कमी झालेली. त्याआधी मेंदूच्या वाढीबद्दल जे प्रसिद्ध झालं होतं, त्याचा आकारही तसाच होता: वय वाढतं तशी जवळची जोडणी घटते, लांबची वाढते. लहान मुलं जास्त हलतात, एवढंच त्यातल्या बऱ्याचशा भागाचं कारण निघालं. हालचालीने मेंदूची बाहेरची करडी साल पातळ झाल्यासारखीही दिसते. एका गटातल्या मुली जरा जास्त चुळबुळ्या असल्या की ‘नैराश्यात मेंदूची साल पातळ’ हा निष्कर्ष आपोआप तयार होतो.

उपाय म्हणजे आधी सराव. खोट्या स्कॅनरमध्ये पंधरा-वीस मिनिटं झोपवायचं, खरा आवाज ऐकवायचा (तो शंभर डेसिबलच्या पुढे जातो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन), आणि डोकं हललं की समोरचा व्हिडिओ थांबेल अशी सोय करायची. मग खरा स्कॅन. आधी पाच-सहा मिनिटांचं रचनेचं चित्र, तेव्हा कार्टून चालतं. मग डोळे उघडे ठेवून क्रॉसकडे बघत स्वस्थ पडणं, पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. दोन तुकड्यांच्या मध्ये मुलीशी बोलायचं. झोप लागली होती का, हे विचारायचंच. या वयातली मुलं झोपेला पारखी असतात, अंधाऱ्या बोगद्यात दुसऱ्या मिनिटाला पेंगतात, आणि पेंगलेल्या मेंदूची जोडणी जागेपणीपेक्षा वेगळी असते. नैराश्यात झोप आधीच बिघडलेली. त्यामुळे ‘नैराश्यातली जोडणी’ म्हणून डुलक्यांची जोडणी छापली जाण्याचा धोका खरा आहे.

नंतर खराब चौकटी (एका वेळी घेतलेलं अख्ख्या मेंदूचं एक मोजमाप म्हणजे एक चौकट) गाळतात. डोकं हलण्याची ठरलेली मर्यादा बहुधा ०.२ मिलिमीटर. दर ०.८ सेकंदाला एक चौकट या वेगाने दहा मिनिटांत ७५० चौकटी मिळतात. निम्म्या तरी स्वच्छ उरल्या नाहीत तर त्या मुलीचा डेटा बाजूला. एक खोल उसासा टाकला तरी रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो आणि पुढचे कित्येक सेकंद अख्ख्या मेंदूचा संकेत खालीवर होतो. म्हणून पोटावर श्वास मोजणारा पट्टा लावायचा. रडू येणं, हुंदका, आवंढा, सगळं चित्रात उतरतं. आणि गाळणीतून बाहेर पडतात कोण? सर्वांत अस्वस्थ, सर्वांत बेचैन मुली. ज्यांच्यासाठी अभ्यास मांडला त्याच वजा होतात, आणि निष्कर्ष उरतात त्यातल्या त्यात बऱ्या असलेल्या मुलींचे. किती जणी आल्या आणि किती जणींचा डेटा वापरला, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघण्याची सवय वाचणाऱ्याने लावून घ्यावी.

तुलना कुणाशी, हा तितकाच नाजूक मुद्दा. आत्महत्येचे विचार असलेल्या मुली एका बाजूला आणि पूर्ण निरोगी मुली दुसऱ्या बाजूला ठेवल्या तर जो फरक दिसेल तो नैराश्याचा, चिंतेचा, औषधांचा, झोपेचा की आत्महत्येच्या विचारांचा, हे कळायला मार्ग नाही. किमान चार गट हवेत: निरोगी, नैराश्य आहे पण विचार नाहीत, विचार आहेत पण प्रयत्न नाही, आणि प्रयत्न झालेला. मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुली हा आणखी वेगळा गट. विचार येणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुली कधीच प्रयत्न करत नाहीत, म्हणून विचार कशाने येतात आणि विचाराचं कृतीत रूपांतर कशाने होतं हे प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

एवढी चाळणी लावून हाती काय उरतं? वीस वर्षांतल्या १३१ अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये लियान श्माल आणि सहकाऱ्यांनी घेतला. त्यांच्या मांडणीत दोन जाळी पुढे येतात. कपाळामागच्या खालच्या आणि मधल्या भागाचं जाळं नकारात्मक भावनांच्या अतिरेकाशी आणि आनंदाच्या ओहोटीशी जोडलेलं, म्हणजे विचारांशी. वरच्या आणि बाजूच्या भागाचं जाळं निर्णय आणि स्वतःला आवरण्याशी, म्हणजे विचाराकडून कृतीकडे जाण्याशी. आराखडा म्हणून हे पटतं. पण त्यातले बरेच अभ्यास मोठ्या माणसांचे आणि एकाच वेळच्या मोजमापाचे आहेत, तेव्हा याला नकाशाचं कच्चं रेखाटन समजावं.

मुलींबद्दल मला सर्वांत भरवशाचा वाटणारा धागा आनंदाचा, म्हणजे बक्षिसाला मेंदू किती दाद देतो त्याचा. स्टॅनफर्डच्या इयन गॉटलिब यांच्या गटाने २०१० मध्ये अशा मुली तपासल्या, ज्यांच्या आईला नैराश्य येऊन गेलं होतं पण त्यांना स्वतःला कधीच नव्हतं. बक्षीस मिळताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद आधीच वेगळा होता. म्हणजे खूण आजाराच्या आधीची असू शकते. याची मोठी परीक्षा झाली ती मात्र एमआरआयवर नव्हे, साध्या ईईजीवर, म्हणजे डोक्यावरून मेंदूतले विद्युत संकेत टिपण्याच्या तपासणीवर. २०१६ चा अभ्यास, साडेतेरा ते साडेपंधरा वर्षांच्या ४४४ मुली. पडद्यावर दोन दारं. एक निवडायचं, लगेच कळतं जिंकलात की हरलात. निकाल दिसल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी जिंकण्या-हरण्यातला जो विद्युत फरक उमटतो, तो ज्यांचा फिका होता त्यांच्यात पुढल्या दीड वर्षात पहिल्यांदाच नैराश्य येण्याचं प्रमाण जास्त निघालं. डोक्यावर टोपी, जेल, आणि काही मिनिटांचा खेळ. मेंदू संशोधनातला पैसा थोडा या बाजूला वळावा असं मला मनापासून वाटतं.

आता त्या बातम्यांकडे. २०१७ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्ये एक पेपर आला. ‘मृत्यू’, ‘निश्चिंत’ असे शब्द दाखवून घेतलेल्या स्कॅनवरून संगणकाने आत्महत्येचे विचार असलेले तरुण ९१ टक्के अचूकतेने ओळखले, असा दावा होता. गट होते १७ आणि १७ जणांचे. स्कॅन त्याच्या दुपटीहून जास्त जणांचे झाले होते. चांगला डेटा मिळाला नाही म्हणून बाकीचे वगळलेले. तीस शब्दांतून सर्वांत उपयोगी सहा आणि मेंदूच्या भागांतून सर्वांत उपयोगी पाच निवडले गेले, तेही त्याच डेटावर, ज्यावर नंतर अचूकता मोजली. ही पेपर फुटल्यावर घेतलेली परीक्षा झाली. आक्षेप सविस्तर मांडले गेले आणि २०२३ मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. मूळ बातम्या अजून इंटरनेटवर आहेत.

२०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५० हजार जणांचे स्कॅन वापरून तपासलं की मेंदूची रचना किंवा जोडणी आणि वागणूक यांचा संबंध खरोखर किती घट्ट असतो. सहसंबंधाच्या मापात शून्य म्हणजे संबंधच नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध; त्यात सर्वांत ठळक म्हणावेत असे एक टक्का संबंधही ०.०६ च्या थोडेच वर होते. ०.१ चा सहसंबंध याचा अर्थ माणसामाणसांतल्या फरकाचा एक टक्का उलगडला. या क्षेत्रातल्या नेहमीच्या अभ्यासाचा आकार मात्र पंचवीसेक जणांचा. एवढ्या लहान गटात ०.५ चा सहसंबंध दिसला तर तो योगायोग असण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेतल्या एबीसीडी अभ्यासात २०१६ पासून २१ केंद्रांवर जवळपास ११,८८० मुलंमुली नऊ-दहाव्या वर्षी घेतली आणि तेव्हापासून त्यांचा मागोवा चालू आहे. आत्महत्येच्या विचारांसाठी त्यातल्या सुरुवातीच्या स्कॅनमध्ये शोधलं, तर हाती फारसं लागलं नाही. ही निराशा नव्हे. नऊव्या वर्षी काय दिसत नाही हे कळणं कामाचं आहे, आणि त्याच मुली पंधराव्या वर्षी पुन्हा स्कॅन होतात तेव्हाची तुलना खरी बोलकी असेल.

समजा उद्या चांगली चाचणी सापडलीच. हजार मुली, त्यातल्या वीस जणी येत्या वर्षात खऱ्या धोक्यात. चाचणी ८५ टक्के धोका ओळखते आणि धोका नसलेल्या ८५ टक्के मुलींना बरोबर सोडून देते. वीसपैकी १७ सापडतील, ३ निसटतील. उरलेल्या ९८० मधल्या १४७ जणींवर खोटा शिक्का बसेल. म्हणजे धोका सांगितलेल्या १६४ मुलींत खऱ्या १७. वरून हे विचार तासातासाला चढतात-उतरतात. सकाळी अकराचा स्कॅन संध्याकाळी सातबद्दल फार काही सांगू शकत नाही.

म्हणून प्रयोगशाळेतही धोका ओळखायचं काम स्कॅनर करत नाही, माणूस करतो. एएसक्यू नावाची चार प्रश्नांची चाचणी मिनिट-दोन मिनिटांत होते. गेल्या काही आठवड्यांत आपण मेलो असतो तर बरं असं वाटलं का? आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव देण्याचे विचार आले का? कधी तसा प्रयत्न केलास का? एकाचंही उत्तर हो आलं, किंवा उत्तर द्यायचंच टाळलं, तर पाचवा: आत्ता या क्षणी तसे विचार मनात आहेत का? विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर हेच तपासून बघितलं गेलं, २००५ मध्ये निकाल छापून आला: विचारल्याने त्रास वाढला नाही, आणि आधीच खचलेल्या मुलांना तर किंचित हलकं वाटलं.

घोळ होतो तो प्रश्नांच्या पुढे. प्रश्नावली टॅबलेटवर भरली जाते, उत्तरं सर्व्हरवर जातात, आणि ‘हो’ वर आठवड्याने कुणाची तरी नजर पडते. हे चालत नाही. मुलगी इमारतीत असतानाच उत्तर बघणारा माणूस नेमलेला हवा, आणि तो रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण हेही कागदावर हवं. कोणती गोष्ट आपल्यातच राहील आणि कोणती आईबाबांना सांगावीच लागेल, हे संमतीपत्राच्या वेळीच मुलीला तिच्या भाषेत सांगायचं, उत्तर दिल्यानंतर नव्हे. पाचव्या प्रश्नाला हो आलं तर स्कॅन तिथेच थांबवायचा, तिला एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतसुद्धा सोबत, आणि मानसोपचारतज्ज्ञ त्याच दिवशी. नुसते आधीचे विचार असतील तर तिच्यासोबत बसून सुरक्षा आराखडा लिहायचा: बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, एकटीने काय केलं की बरं वाटतं, कुणाच्या सहवासात मन वळतं, मदत कुणाकडे मागायची, कोणत्या डॉक्टरांचा आणि हेल्पलाइनचा नंबर, आणि घरातली औषधं व धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवून चावी कुणाकडे. अक्षर तिचं, शब्द तिचे. कागदाचा फोटो तिच्या फोनमध्ये, दुसरा तिने निवडलेल्या मोठ्या माणसाकडे.

स्कॅनमध्ये नकोशा चेहऱ्यांचा किंवा संगणकावरच्या खेळातून इतर ‘मुलींनी’ वगळल्याचा प्रयोग झाला असेल तर शेवटी तो खोटा होता, पलीकडे खऱ्या मुली नव्हत्याच, हे स्पष्ट सांगायचं, आणि मनःस्थिती पुन्हा मोजल्याशिवाय निरोप द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी फोन. उचलला नाही तर दोन तासांनी पुन्हा, मग पालकांना. प्रत्येक फोनची वेळ आणि करणाऱ्याची सही नोंदवहीत.